वानखेडेवर सामन्याला सायकलने जाताय? या चुका टाळा

वानखेडे स्टेडियमची क्षमता साधारण ३३ हजार. एका बाजूला चर्चगेट, दुसऱ्या बाजूला मरीन लाइन्स आणि प्रेक्षकांच्या गाड्यांसाठी पार्किंग नाही. म्हणून बहुतेक लोक लोकलने येतात, ते बरोबरच आहे. पण गिरगाव, ताडदेव, भायखळा, परळ, दादर या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी सायकल हा खरोखर चांगला पर्याय आहे. दादरहून अंतर दहा-अकरा किलोमीटर. सावकाश चालवली तरी पाऊण तास ते तास लागतो आणि सामना संपल्यावर लोकलच्या दारात लोंबकळावं लागत नाही. घोटाळे होतात ते शेवटच्या किलोमीटरमध्ये आणि परतताना. बहुतेक घोटाळ्यांचं मूळ एकच: निघण्यापूर्वी सायकल ठेवायची जागा पक्की केलेली नसते.

सायकल कुठे ठेवायची हे तिथे गेल्यावर ठरवणं

सामन्याच्या एक-दोन दिवस आधी वाहतूक पोलीस अधिसूचना काढतात. विनू मांकड मार्ग, डी रोड, ई रोड आणि आसपासचे छोटे रस्ते पार्किंगसाठी आणि पुष्कळदा वाहनांसाठीही बंद होतात. 'सायकलला कोण अडवतंय' असं धरून लोक थेट गेटजवळ जातात आणि तिथल्या रेलिंगला सायकल बांधून आत शिरतात. हे अजिबात करू नका. बंदोबस्तावरच्या पोलिसांच्या नजरेत ती धनी नसलेली वस्तू असते, त्यात कॅरिअरला बॅग बांधलेली असेल तर संशय आणखी वाढतो. कुलूप तोडून ती हटवली गेली तर तक्रार करायलाही जागा राहत नाही. आणि हटवली नाही तरी सामना सुटल्यावर हजारो माणसं त्याच रेलिंगला घासून बाहेर पडतात. स्पोक वाकणं, डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) आत दाबला जाणं, दिवा गायब होणं हे तिथे नेहमीचं.

जागा स्टेडियमपासून किमान एक किलोमीटर दूर शोधा. फोर्ट, हुतात्मा चौक, धोबीतलाव, काळबादेवी या भागांत ओळखीचं ऑफिस, दुकान किंवा सोसायटी असेल तर दोन दिवस आधी विचारून ठेवा. दुचाकींच्या पे अँड पार्कवर सायकल घेतात की नाही, हे तिथल्या माणसावर अवलंबून असतं. तेही आधीच विचारायचं. विचारताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न 'किती पैसे' हा नसून 'फाटक रात्री किती वाजता बंद होतं' हा आहे. साडेसातला सुरू होणारा टी-ट्वेंटी सामना सव्वाअकरा-साडेअकराला संपतो, सुपर ओव्हर झाली की त्याहून उशीर. ऑफिसच्या इमारतींचं फाटक दहाला बंद होतं आणि वॉचमनची पाळी बदलते. संध्याकाळी 'ठेवा साहेब' म्हणणारा माणूस रात्री तिथे नसतो. म्हणून रात्रपाळीच्या माणसालाही कल्पना द्या आणि त्याचा फोन नंबर घ्या.

इतक्या मोठ्या मैदानाजवळ शंभर सायकलींचा राखणीचा स्टँड असायला काहीच हरकत नाही, तो असायलाच हवा. पण तो होईपर्यंत शेवटचा किलोमीटर पायीच, हे धरून चाला.

कुलूप लावताना नुसतं पुढचं चाक बांधू नका. क्विक रिलीज, म्हणजे अवजाराशिवाय उघडणारी पकड, असेल तर चाक तिथेच राहतं आणि सायकल जाते. यू-लॉक (इंग्रजी यू आकाराचं जाड कुलूप) फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून आणि मागच्या रिममधून घालून पक्क्या लोखंडी खांबाला अडकवा, पुढच्या चाकातून वेगळी केबल घ्या. सीटला क्विक रिलीज असेल तर त्याजागी ॲलन बोल्टचा, म्हणजे षटकोनी चावीने उघडणारा, क्लॅम्प बसवून टाका. काम पाच मिनिटांचं आहे आणि रात्री बारा वाजता सीटशिवाय घरी जाण्याची वेळ येत नाही.

रोजच्या सायकलचं सामान घेऊन गेटवर पोचणं

हेल्मेट, पाण्याची बाटली, पंप, मल्टिटूल, पॉवर बँक, बॅग. सायकलवाल्याकडे जे असायला हवं, नेमकं तेच स्टेडियममध्ये चालत नाही. गेटवर सामान सांभाळून ठेवण्याची सोय असेल या भरवशावर राहू नका. निषिद्ध वस्तूंची यादी तिकिटावर आणि आयोजकांच्या सूचनांमध्ये असते, ती प्रत्येक सामन्याला वाचा, कारण तपशील बदलतात. नाणीसुद्धा अडवतात, म्हणून सुट्ट्या नोटा ठेवा.

सामान सायकलबरोबरच राहील अशी व्यवस्था करा. हेल्मेटचा पट्टा यू-लॉकमधून ओवा. पंप, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायची पट्टी) आणि ट्यूब असलेली छोटी पिशवी जिथे सायकल ठेवली त्या ऑफिसात किंवा दुकानात द्या. खिशात फक्त फोन, तिकीट, नोटा आणि कुलपाची एकच किल्ली. ही किल्ली घरच्या जुडग्यात ठेवू नका. जल्लोषात उड्या मारताना खिशातून जुडगा पडतो आणि खुर्च्यांखाली शोधणं अशक्य असतं. दुसरी किल्ली अशा माणसाकडे ठेवा जो गरज पडली तर रात्री ती आणून देऊ शकेल.

काढता येणारे दिवे सायकलवर सोडले तर जातात, खिशात नेले तर तपासणीत वाद होऊ शकतो. मागचा दिवा नटबोल्टने पक्का बसणारा घ्या, पुढचा त्याच छोट्या पिशवीत ठेवा.

मॅपच्या मागे आंधळेपणाने जाणं

मॅप गाडीच्या मोडवर असेल तर तो तुम्हाला सी लिंक, कोस्टल रोड किंवा पूर्व मुक्तमार्गावर पाठवणार. या तिन्हींवर सायकलला आणि दुचाकीला बंदी आहे. जे. जे. उड्डाणपुलावरही बंदीच आहे. कोस्टल रोडच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरायचं म्हणजे भरधाव गाड्यांच्या मधून उलटं चालणं, आणि ते फार धोक्याचं आहे. मोड दुचाकीचा ठेवा आणि मधले थांबे स्वतः घाला.

पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी माहीम, शिवाजी पार्क, सिद्धिविनायक, वरळी नाका, हाजी अली असा सरळ रस्ता आहे. हाजी अलीनंतर बरेच जण सवयीने पेडर रोड धरतात. तिथे चढ आहे, गाड्यांना घाई असते आणि सायकलला थांबायला जागा नाही. त्यापेक्षा ताडदेव, नाना चौक, ऑपेरा हाऊस असं या. रस्ता गजबजलेला आहे पण सपाट आहे आणि गाड्यांचा वेग कमी असतो. पूर्वेकडून येणाऱ्यांनी डॉ. आंबेडकर मार्गाने लालबाग, भायखळा करत मोहम्मद अली रोडवर जे. जे. पुलाखालून यायचं.

एक गोष्ट नवख्याला चकवते: स्टेडियम रेल्वे रुळांच्या पश्चिमेला आहे आणि महर्षी कर्वे रोड पूर्वेला. सायकल धोबीतलाव किंवा फोर्टमध्ये ठेवणार असाल तर रूळ ओलांडायचा प्रश्न पायी सुटतो. फोर्टकडून सायकल घेऊनच पलीकडे जायचं असेल तर साधारणपणे चर्चगेट स्टेशनला दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो, आणि सामन्याच्या दिवशी सगळ्यात दाट गर्दी तिथेच असते.

जायचा रस्ता तोच यायचा, असंही धरू नका. गिरगाव-ऑपेरा हाऊस भागात एकदिशा रस्ते आहेत. परतीचा मार्ग आदल्या दिवशी वेगळा बघून ठेवा आणि मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा. भरलेल्या स्टेडियमजवळ फोनला रेंज दिसते पण नेट चालत नाही. यूपीआयही तिथेच अडकतं.

डाव्या कडेला चिकटून चालवणं

नवखा सायकलवाला सुरक्षित वाटतं म्हणून अगदी कठड्यालगत जातो. एरवीही हे चुकीचं, सामन्याच्या दिवशी तर फारच. कारण टॅक्स्या. प्रेक्षक उशीर झाला की सिग्नलला, वळणावर, कुठेही उतरतात आणि डावीकडचं दार मागे न बघता उघडतं. उभ्या गाडीपासून एक मीटर, म्हणजे दार पूर्ण उघडलं तरी हँडलला लागणार नाही इतकं अंतर ठेवा. गाडीच्या मागच्या काचेतून आत हालचाल दिसली, छतावरचा दिवा लागला की वेग कमी करा. बेस्टची बस थांब्याकडे वळत असेल तर तिच्या आणि फुटपाथच्या मधून कधीही घुसू नका, मागे थांबा.

कडेला आणखी एक त्रास असतो. फुटलेल्या काचा, तारांचे तुकडे आणि गटाराच्या जाळ्या तिथेच असतात. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने समांतर असतील तर अरुंद टायर सरळ आत जातो. पेव्हर ब्लॉकच्या फटींचंही तसंच. २८ ते ३२ मिलिमीटरच्या टायरला ६० ते ८० पीएसआय (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवा, माउंटन बाइकच्या जाड टायरला ३५ ते ५०. टायरच्या बाजूला छापलेली मर्यादा ओलांडू नका. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून दोन समांतर भोकं पडतात, जास्त असेल तर ब्रेक मारताना चाक घसरतं.

मरीन ड्राइव्हच्या समुद्राकडच्या फुटपाथवर सायकल चढवू नका. तिथे त्या संध्याकाळी चालायलाही जागा नसते.

शेवटचा चेंडू पडताच सायकलकडे धावणं

पहिली वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर माणसंच माणसं असतात. त्यात सायकल चालवणं तर दूरच, हातात धरून नेणंही कठीण: पेडल लोकांच्या पोटऱ्यांना लागतं, हँडल बॅगांमध्ये अडकतं. सायकल किलोमीटरभर दूर असेल तर चालत पोचेपर्यंत गर्दी आपोआप विरते. तिथे पोचल्यावर पाणी प्या. एप्रिल-मेच्या दमट हवेत आत चार तास ओरडून घसा आणि अंग दोन्ही सुकलेलं असतं. निघण्याआधी अर्धा लिटर तरी पोटात जाऊ द्या.

मग रात्रीचा मरीन ड्राइव्ह. रस्ता मोकळा दिसतो आणि म्हणूनच धोक्याचा असतो, गाड्या दिवसापेक्षा खूप वेगात असतात. उत्तरेकडे जाणारी बाजू समुद्राकडची. तिकडे जायला सिग्नलवर सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. मागचा लाल दिवा झेब्रा क्रॉसिंगवरच लावा, पुढे जाऊन नाही. बिनदिव्याची सायकल असेल तर हा रस्ता टाळा आणि आतल्या उजेडाच्या रस्त्याने जा.

रात्री बिघाड निघाला तर

टायर बसलेला दिसला की लगेच ट्यूब काढू नका. आधी पंपाने हवा भरा आणि पाच मिनिटं थांबा. टिकली तर कोणीतरी व्हॉल्व्हमधून हवा सोडली होती, पंक्चर नाही. हळूहळू उतरत असेल तर व्हॉल्व्हच्या टोकावर थुंकी लावून बघा, बुडबुडे आले तर तो घट्ट करा. तरीही उतरली तर ट्यूब बदला. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा तार काढा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. रात्री साडेअकराला पंक्चरवाला मिळेल ही आशा सोडा. मिळालाच तर त्याचा पंप प्रेस्टा व्हॉल्व्हला (बारीक, लांब प्रकारच्या) बसत नाही. छोटा पितळी ॲडॉप्टर सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या.

किल्ली फिरत नसेल तर जोर लावू नका, ती आत मोडते. समुद्राच्या खाऱ्या हवेने कुलूप आतून गंजतं. यू-लॉकची कडी आत दाबून धरून किल्ली हळू मागेपुढे करा. सामन्याच्या आठवडाभर आधी कुलपात ग्राफाइटची पूड किंवा पातळ तेलाचा एक थेंब घातला की ही वेळ सहसा येत नाही.

सगळंच फसलं तर सायकल तिथेच ठेवून चर्चगेटहून लोकलने घरी जा आणि सकाळी येऊन घ्या. साधी सायकल प्रवासी डब्यात नेता येत नाही. घडीची सायकल पिशवीत घालून मालडब्यात नेता येते, पण सामन्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन गाड्या सोडा.

विजयाची मिरवणूक आणि मॅरेथॉन

हे दोन दिवस वेगळे. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वविजेत्या संघाची मिरवणूक नरिमन पॉइंटहून वानखेडेपर्यंत निघाली, तेव्हा मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि चेंगराचेंगरीत माणसं जखमी झाली. अशा दिवशी दक्षिण मुंबईत सायकल नेऊच नका. गर्दीत सायकल म्हणजे पडणाऱ्या माणसासाठी अडथळा. चुकून अडकलात तर सायकल सोडा आणि स्वतः बाजूला व्हा.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. रस्ते गाड्यांना बंद म्हणजे सायकलला मोकळे, असं समजून पहाटे मरीन ड्राइव्हवर उतरणारे दरवर्षी दिसतात. धावण्याचा मार्ग सायकललाही बंदच असतो, आणि दमलेला धावपटू अचानक बाजूला झाला तर दोघेही पडतात. मार्गाचा मोठा भाग पश्चिम किनाऱ्याने जातो, त्यामुळे त्या सकाळी शहर ओलांडायचं असेल तर डॉ. आंबेडकर मार्ग किंवा सेनापती बापट मार्ग धरा. नेमका मार्ग आणि बंद रस्त्यांच्या वेळा त्या आठवड्यात जाहीर होतात.