सोय मागायची ती कामाचं नाव घेऊन: नागपुरात शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या दिव्यांगांसाठी

दिव्यांग प्रमाणपत्रावर निदान असतं, टक्का असतो, मंडळाचा शिक्का असतो. वर्गात, परीक्षेत किंवा ऑफिसात तुम्हाला नेमकं काय लागतं, हे मात्र त्यावर कुठेच नसतं. ते आपल्यालाच सांगावं लागतं. काटोल, उमरेड, भिवापूरकडून नागपुरात येणाऱ्या मुलामुलींना हे सांगायला सहसा कुणी भेटत नाही, म्हणून लिहिते आहे.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही आणि अंधार पडला की जवळजवळ काहीच दिसत नाही. नागपूर विद्यापीठातून कॉमर्स केलं, आता वर्धा रोडवरच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. माझी अडचण वरून कळत नाही. "मॅडम, तुम्ही तं चांगल्या चालून राहिल्या, मंग सर्टिफिकेट कायचं?" हा प्रश्न मला अजूनही येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. त्याला माझा आजार समजावून सांगत बसण्यापेक्षा काम कुठे अडतं ते सांगितलं की पुढचं बोलणं सरळ होतं.

आधी कायद्याचं थोडं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. उच्च शिक्षणात 5 टक्के आणि सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. नवीन मुलांना एवढंच माहीत असतं. पण आरक्षणाने दारातून आत येता येतं, आत बसून काम करता यावं यासाठी त्याच कायद्यात वाजवी सोयींची तरतूद आहे. एका व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने शिकता किंवा काम करता यावं म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य बदल म्हणजे वाजवी सोय. समोरच्यावर अवाजवी भार पडू नये, एवढीच मर्यादा. आणि अशी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असं कायद्याच्या व्याख्येतच म्हटलं आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नसतो. हे मनात पक्कं असलं की अर्जाची भाषाही बदलते.

अर्ज कसा असावा? "मला कमी दिसते, तरी सहकार्य करावे ही विनंती" असा अर्ज कॉलेजच्या आवक-जावकमध्ये जातो आणि तिथेच राहतो, कारण वाचणाऱ्याला नक्की काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "मला फळ्यावरचे वाचता येत नाही. पहिल्या बाकावर खिडकीकडे पाठ होईल अशी जागा मिळावी. तासाला दाखवायच्या स्लाइड आदल्या दिवशी ईमेलवर मिळाव्यात. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका 18 पॉइंटच्या टायपात छापून मिळावी." प्रत्येक ओळीत एक अडलेलं काम आणि त्यावरचा एक उपाय. खाली कायद्याचा एक ओळीचा उल्लेख, सोबत युडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच मागायला संकोच करू नका, ती तुमच्या कामाची सगळ्यात मोठी वस्तू आहे.

युडीआयडी नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मेयो किंवा मेडिकल या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी एकात तपासणी करून घ्या. प्रवेशाच्या गर्दीची वाट पाहू नका.

परीक्षेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे उशीर झाला तर वर्ष जातं. लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते लिहिणारा माणूस, घेणाऱ्याला, किंवा लेखनिक न घेताही ज्याला लिहायला जास्त वेळ लागतो त्याला, दर तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. तीन तासांच्या पेपरला एक तास. हा एक तास कागदावर मिळतो आणि केंद्रावर हरवतो. बाकीच्यांचे पेपर गोळा झाले की पर्यवेक्षकांना निघायचं असतं, शिपाई दारं लावत येतो आणि आपल्यावर नजरा येतात. म्हणून अर्जात एक वाक्य आवर्जून घाला: जादा वेळेसाठी पर्यवेक्षकाची नेमणूक आधीच करावी. खोली तळमजल्यावर मागा, ट्यूबलाइट चालू असलेली मागा. पेपरच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांना भेटा आणि मंजुरीचं पत्र स्वतःच्या हातात ठेवा.

लेखनिकासोबत सराव केल्याशिवाय पेपरला बसू नका. भाषेच्या पेपरला कसंही निभावतं, अकाउंट्सला नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे सगळं रकान्यांचं काम. लेखनिकाने आधी रकाने आखायचे. मग आपण ओळीने सांगायचं: तारीख, तपशील, नावे, जमा. आकडा अंकाअंकाने सांगायचा आणि प्रत्येक बेरजेनंतर परत वाचून घ्यायचा. कच्च्या कामासाठी वेगळं पान ठरवून ठेवा. स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा किती कमी असावं, याचे नियम प्रत्येक परीक्षेच्या जाहिरातीत असतात. एमपीएससी असो की बँकेची परीक्षा, फॉर्म भरतानाच लेखनिकाचा रकाना भरावा लागतो. तिथे "नाही" झालं तर नंतर बदलायला फार त्रास होतो.

40 टक्क्यांच्या आतल्यांना लेखनिक मिळत नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. 11 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीच्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही. लिहिण्यात खरी अडचण असेल तर ती मिळाली पाहिजे. त्यानंतर केंद्र सरकारने 10 ऑगस्ट 2022 ला अशा उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त मोलाची वाटते: सोय काय असावी हे त्या व्यक्तीशी बोलून ठरवायचं आहे. ऑफिसने परस्पर ठरवून हातात ठेवायचं नाही.

मराठी माध्यमाच्या अंध आणि अल्पदृष्टी मुलांसाठी एक खास अडचण. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं आणि मराठी वाचतं, पण युनिकोडमधलं मराठी. आपल्याकडे कितीतरी नोट्स अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. स्क्रीन रीडरमधून तिथे अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हं ऐकू येतात. पुस्तकाचे फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये तर वाचण्यासारखं काहीच सापडत नाही. म्हणून सरांना "सॉफ्ट कॉपी द्या" एवढंच म्हणू नका. "युनिकोडमधली वर्ड फाइल द्या" म्हणा. शक्य नसेल तर मूळ फाइल घेऊन ती कन्व्हर्टरने बदलून घेता येते.

विदर्भात आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे: सिकलसेल. 21 प्रकारांमध्ये सिकलसेल आहे, पण तो असलेली कितीतरी मुलं स्वतःला दिव्यांग समजत नाहीत आणि काही मागतही नाहीत. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखणं उठतं. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली किंवा अतिश्रम झाले की ते उठण्याची शक्यता वाढते. आता नागपूरचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पेपरला पाण्याची बाटली बाकावर ठेवायची परवानगी, लघवीला जाण्याची मुभा, ऑफिसात एसीच्या झोताखाली नसलेली खुर्ची, दुखण्याच्या दिवशी घरून काम, दवाखान्यात भरती असतानाची गैरहजेरी हजेरीच्या टक्क्यातून वगळणं. यातल्या कशालाच पैसा लागत नाही. माझ्या वर्गमैत्रिणीने हजेरीबद्दलचा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच देऊन ठेवला होता. दुखणं उठलं तेव्हा तिला कॉलेजला फक्त भरतीचा कागद पाठवावा लागला.

नोकरीत कधी सांगायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं मत असं: चाचणीत किंवा मुलाखतीत सोय लागणार असेल तर बोलावणं आल्याबरोबर, नसेल तर नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर. रोग कोणता, टक्का किती हे सगळं बायोडेटात लिहायची गरज नाही. खासगी कंपनीलाही समान संधी धोरण ठेवावं लागतं, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात सोयींचा तपशील आणि संपर्क अधिकारी असावा लागतो. एचआरला ते धोरण मागा. नुसतं मागितल्यानेही पुष्कळदा गोष्टी हलतात.

मी मागितलं ते असं. कॉम्प्युटरवर विंडोजचं मॅग्निफायर आणि एनव्हीडीए चालू करायची परवानगी, कारण आयटी विभाग बाहेरचं सॉफ्टवेअर बसवू देत नव्हता. व्हाउचर स्कॅन करून मिळावेत, म्हणजे मोठे करून बघता येतात. आणि वेळ साडेआठ ते पाच, इतरांची दहा ते साडेसहा असताना. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मला उजेडात मेट्रो स्टेशन गाठायचं असतं. तास तेवढेच, पगार तेवढाच. वेळेच्या मागणीला साहेबांनी आधी नकार दिला, "सगळेच मागतील" म्हणाले. मी तोंडी वाद घातला नाही. सकाळच्या दीड तासात मी कोणतं काम पूर्ण करीन ते लिहून दिलं, तीन महिन्यांनी फेरविचार करा म्हटलं. ती वेळ आजही चालू आहे. मुदतीचा प्रस्ताव दिला की नकार देणाऱ्यालाही हो म्हणायला जागा मिळते.

मेट्रोमध्ये लिफ्ट, जमिनीवरच्या स्पर्शपट्ट्या आणि घोषणा आहेत, त्यामुळे प्रवासाचा तो भाग सोपा आहे. स्टेशनबाहेरचे फुटपाथ आजही कठीण. बँकेत कुणी अंध आहात म्हणून चेकबुक किंवा एटीएम कार्ड नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या जून 2008 च्या परिपत्रकाचं नाव घ्या, त्यात या सुविधा नाकारू नयेत असं बँकांना सांगितलं आहे.

नकार आलाच तर तो लेखी मागा, कारणासह. सरकारी कार्यालयात किंवा सरकारी संस्थेत तक्रार निवारण अधिकारी असतो. नोंदलेल्या तक्रारीची चौकशी त्याने दोन आठवड्यांत करायची असते. तिथे समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि त्यापुढे पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त, ज्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. खासगी कंपनीविरुद्धही आयुक्तांकडे जाता येतं. प्रत्येक पायरीवर तुमची पोच मागितली जाईल.

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर घाबरून राजीनामा देऊ नका. त्या कारणाने कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतल्या दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. आणि सोय मिळाली तरी अर्जाची फाइल बंद करू नका. माझी नजर कमी होत चालली आहे, म्हणून दर एप्रिलमध्ये मी यादी नव्याने करते. विभाग बदलला किंवा साहेब बदलले की पहिल्याच आठवड्यात जुन्या मंजुरीची प्रत नव्या टेबलावर देऊन तिचीही पोच घेते.