साडी विकायची की नथ? त्यावरून लेन्स ठरवा

इंदूरच्या मराठी मंडळींत आजकाल घरून धंदा करणारे बरेच झालेत, कोणी महेश्वरी साड्या, कोणी घरचं लोणचं-नमकीन, कोणी सराफ्यातून घडवून आणलेले दागिने, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा कॅमेरा कोणता घेऊ? मी उलट विचारतो की वस्तू केवढी आहे ते आधी सांगा. लोकांना वाटतं हा टाळतोय. पण बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, कुठलीही बरी चालून जाते हो, लेन्स वस्तूच्या मापाची नसली की मग डोकं धरायची वेळ येते.

बॉडीचं पटकन आटपतो. २४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो, आणि अॅमेझॉनवर झूम चालायला लांब बाजू १००० पिक्सेल असली तरी भागतं, म्हणजे जास्त मेगापिक्सेलसाठी पैसे मोजायची काही गरज नाही. एपीएस-सी सेन्सर (फोटो टिपणारी मध्यम आकाराची चिप), मॅन्युअल मोड (सगळं हाताने ठरवायचा), रॉ फाइल (नंतर रंग-उजेड सुधारता येणारा कच्चा फोटो), बस. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना घेऊ द्या. जुना डीएसएलआरही (आत आरसा असलेला कॅमेरा) मस्त चालतो कारण आपली वस्तू काही पळून जात नाही. फक्त निकॉनची डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी घेत असाल तर तिच्यात फोकसची मोटर नसते, म्हणून लेन्सवर एएफ-एस (मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं बघूनच घ्या, एएफ-डी (स्वतःची मोटर नसलेली जुनी) लावली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल.

आता लेन्स. जो तो सांगतो ५० एमएम एफ/१.८ घे, स्वस्त आहे, शार्प आहे. आहेच. (एमएमचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ येतं, एफचा आकडा छोटा तितका उजेड जास्त.) पण कॅननची ही ५० एमएम, एसटीएम नावाची, ३५ सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाही, आणि हे ३५ लेन्सच्या टोकापासून नाही तर सेन्सरपासून मोजायचं, बॉडीवर एक गोल आणि त्याच्यातून आडवी रेघ अशी खूण असते ना तिथून. तेवढ्या जवळ जाऊनही फ्रेममध्ये साधारण साडेदहा सेंटीमीटर रुंदीचा भाग येतो, म्हणजे अडीच सेंटीमीटरची नथ ठेवली तर चौथाई फ्रेम भरते आणि बाकी सगळं मखमल. गंमत म्हणजे निकॉनची साधी १८-५५ एएफ-पी (हीही मोटरवाली) किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी, जिला सगळे नावं ठेवतात, ती याहून जवळ जाते, सहा-साडेसहा सेंटीमीटर रुंदीपर्यंत. म्हणून किट लेन्स विकायची घाई नको. फक्त १८ वर ठेवून बरणी काढू नका, वरचं झाकण मोठं आणि बूड बारीक दिसतं, ३५ ते ५५ च्या मधे ठेवा. लोणच्याच्या बरण्या, नमकीनची पाकिटं, पितळी समया, एवढ्याला हीच पुरे.

साडीचं उलटं. पुतळ्यावर नेसवलेली साडी ५० एमएमने पूर्ण घ्यायची तर बारा-तेरा फूट मागे जावं लागतं, आणि आपल्या फ्लॅटची खोली दहा बाय दहा, म्हणजे पाठ भिंतीला लागते तरी पदर कापलेलाच. ३५ एमएम घेतली की आठ-नऊ फुटांत काम होतं. महेश्वरीच्या बारीक विणीवर कधी कधी इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात, त्याला मॉयरे म्हणतात, तो साडीचा दोष नाही आणि लेन्सचाही नाही, कॅमेरा थोडा पुढे-मागे किंवा तिरका केला की जातो. रंगासाठी ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) ठेवून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी सेटिंग) सेट करा, आणि खिडकीचा उजेड घेताना खोलीतला पिवळा बल्ब बंद, नाहीतर मोरपंखीची हिरवी होते आणि साडी परत येते, मग भांडत बसा.

खरा खर्च दागिनेवाल्यांनाच आहे. त्यांना मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं टिपणारी लेन्स, लागते आणि त्यातही ४० एमएम स्वस्त म्हणून घेतलीत तर पूर्ण मोठं दाखवताना लेन्सचं तोंड वस्तूच्या अगदी काही सेंटीमीटरवर येतं, उजेड अडतो, आणि नथीच्या प्रत्येक मोत्यात काळी लेन्स नि तुमची बोटं दिसतात. ९० किंवा १०० एमएमची घेतली तर तीच नथ सेन्सरपासून तीसेक सेंटीमीटरवरून निघते, मधे उजेड मऊ करायला बटर पेपर धरायला जागा राहते. वापरलेली मिळाली तर बघा, पण मोबाइलची टॉर्च लेन्समधून आरपार मारा, जाळ्यासारखं काही दिसलं तर फंगस (बुरशी) आहे, पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला हमखास धरते. बजेट नसेल तर नुसत्या इन्स्टाग्रामसाठी ५० ने काढून क्रॉप केलं तरी चालतं, चौथाई फ्रेम म्हणजे सुद्धा १४००-१५०० पिक्सेल उरतात.

ट्रायपॉड मात्र लेन्सच्याच पैशात धरा, वेगळा हिशोब नको. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ ते एफ/११, दोन सेकंदांचा टायमर. एलईडीखाली फोटोत पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून.

आणि दुकानात जाताना माल सोबत न्या. भैयाला सांगा की हीच नथ, हीच बरणी काढून बघायचीय, मग स्क्रीनवर झूम करून कडा बघा, अक्षरं वाचता येतात का बघा. तो घाई करायला लागला तर दुसरं दुकान आहेच.