खडे मिठातून गुलाबी जीव वाढवायचे असतील तर

जून 2020 मधे लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हापासून आमच्या इकडच्या पोट्ट्यायले वाटते की हे जीव पाहायचे तर लोणारलेच जा लागते. तसं काई नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की तो रंग हॅलोआर्कियाचा, म्हणजे मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, पण लोणार अभयारण्य आहे, परवानगीशिवाय बाटली भरून आणता येत नाही, आणि तिथलं पाणी एवढं क्षारी की तिथले जीव आपल्या बाटलीत नीट वाढतील याचा भरवसा नाही. किराण्यातलं खडे मीठ घ्या. समुद्राचं पाणी वाळताना हे जीव खड्यातल्या बारक्या थेंबात अडकतात अन् तसेच जिवंत राहतात. रिफाइंड मीठ नको, ते धुतलेलं असते.

अर्ध्या लिटरसाठी 125 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट (कपाशीवर लाल्या आला की फवारतो तेच, कृषी केंद्रात भेटते), 1 ग्रॅम पांढरं पोटॅश, 5 ग्रॅम पेप्टोन. पेप्टोन म्हणजे प्रथिनं तोडून केलेली भुकटी, कॉलेजच्या लॅबमधून मागा, याले खायले अमिनो आम्लं लागतात. पाणी उकळून थंड करा, मगच मीठ टाका, मीठ उकळलं तर संपलंच ना सगळं! पीएच 7 च्या थोडा वर ठेवा. बाटली एक तृतीयांशच भरा, तोंडाले फडकं बांधा, कारण याले हवा लागते अन् कोमट खारट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, म्हणून रोज हलवत जा. बाकी ऊब आपला मे महिना देतेच, टिनाच्या शेडमधे उजेडात ठेवली की झालं. पाणी आटलं तर आधी खूण केलेल्या रेषेपर्यंत उकळून थंड केलेलं साधं पाणी, हळूहळू.

दोन-चार हप्ते काहीच दिसत नाही. मग आधी काचेच्या कडेले, वाळलेल्या मिठावर फिक्की गुलाबी रेघ येते. हा रंग बॅक्टेरिओरुबेरिनचा, उन्हापासून बचावाचा. काही जातींजवळ जांभळं प्रथिनही असते, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, ऑक्सिजन कमी पडला की ते उजेडावर प्रोटॉन बाहेर ढकलते अन् त्यातून एटीपी, म्हणजे पेशीले काम कराले लागणारी ऊर्जा, तयार होतो. पण झाडासारखं साखर बनवणं नाही हं, कार्बन बाहेरूनच घेतात.

मागच्या साली मी येडेपणा केला, जास्त दिसावं म्हणून एक ग्लास गुलाबी पाण्यात दोन ग्लास साधं पाणी ओतलं, थोड्या वेळानं सगळं शेंबडासारखं चिकट. पेशीत पोटॅशियम ठासून भरलेलं असते, बाहेरचं मीठ कमी झालं की साधं पाणी आत घुसते, भिंत टिकत नाही, पेशी फुटतात अन् डीएनए बाहेर येतो. म्हणूनच आमच्या इकडच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खारट भूजलाच्या भागातल्या, विहिरीत हे वाढत नाहीत, ते पाणी आपल्यासाठी खारट, याच्यासाठी गोडंच.

ओळख पटवायलाही हेच करा: स्लाइडवर थेंब, मायक्रोस्कोपखाली नजर, कडेनं साधं पाणी सोडा, पेशी गायब झाल्या तर समजा तेच.

अन् हॅलोफेरॅक्स मेडिटरेनी नावाची जात पोटात प्लास्टिकचे दाणे साठवते, कुजणारं प्लास्टिक, पीएचबीव्ही. ते काढायले वेगळं महाग रसायन लागतच नाही, साध्या पाण्यात टाकली की पेशी फुटते अन् दाणे वेगळे करता येतात. म्हणजे माही चूक तिकडं कामाची पद्धत.