निबंध भांडारात होता, शोधात येत नव्हता

सोलापुरी चादरीच्या विणकरांवरचा माझा मराठी निबंध विद्यापीठाच्या मुक्त भांडारातून (कुणालाही फुकट वाचता येतील असे शोधनिबंध ठेवणारा ऑनलाइन संग्रह) आधी परत आला. मी नियतकालिकाची छापील पीडीएफ चढवली होती, तिचे हक्क माझ्याकडे नव्हते. संपादकांना विचारून परीक्षणानंतरची, मांडणीपूर्वीची प्रत दिली, ती स्वीकारली गेली.

पण ‘चादर’ शोधलं तर काहीच येईना! पीडीएफमधली ओळ नोटपॅडमध्ये चिकटवली, तर नुसती रोमन अक्षरं नि चिन्हं. फाँट युनिकोडपूर्व काळातला, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संगणकीय संकेत मिळण्याआधीचा: आत रोमन अक्षरं, वर मराठी आकार. डोळ्यांना मराठी दिसतं, पण भांडार चालवणारी डीस्पेससारखी प्रणाली आतला मजकूर वाचते, अक्षरांचा आकार नाही. विणकरांनी तासन्‌तास बसून सांगितलेलं असं गडप व्हावं, हे मला सहन होईना. रात्रभर बसून मजकूर युनिकोडमध्ये आणला. रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर सरकतात, ‘कर्ज’चं भलतंच होतं, ते एकेक हाताने सुधारले. नवी पीडीएफ ग्रंथपाल मॅडमनी बदलून दिली.

आता साखर पेठेतल्या यंत्रमागांचा उल्लेखही शोधात येतो.