तोस्कानिनीचे ऑपेरे ऐकायचे कसे

इटालियन कंडक्टर (वाद्यवृंद-संचालक) आर्तुरो तोस्कानिनीने पहिला ऑपेरा 1886 साली चालवला आणि शेवटचा 1954 साली. मधल्या काळात मिलानचं ला स्काला, न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि पुन्हा ला स्काला असे त्याच्या ऐन भराचे टप्पे येतात. या टप्प्यांतला एकही संपूर्ण ऑपेरा ध्वनिमुद्रित झालेला नाही. 25 एप्रिल 1926 च्या रात्री त्याने ‘तुरांदोत’ हा ऑपेरा जिथे संगीतकार पुच्चिनीचं अपुरं राहिलेलं लिखाण संपलं तिथेच थांबवला, हे सगळे सांगतात, पण त्या रात्रीचंही ध्वनिमुद्रण नाही. त्यामुळे चरित्राच्या क्रमाने ऐकायला निघालात तर हाती काही लागत नाही. सुरुवात शेवटाकडून करायची, म्हणजे एनबीसी या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरच्या 1944 नंतरच्या प्रक्षेपणांपासून.

पहिला ऑपेरा ‘ला बोहेम’, 1946 चा. 1 फेब्रुवारी 1896 ला तुरिनच्या तेआत्रो रेज्योत याचा पहिला प्रयोग तोस्कानिनीनेच केला होता, तेव्हा तो 28 वर्षांचा होता. बरोबर 50 वर्षांनी, 3 आणि 10 फेब्रुवारीला, त्याने तो रेडिओसाठी पुन्हा केला. ऑपेरा असा दोन रविवारी अर्धा-अर्धा करण्याची तिथे रीतच होती. तुम्हीही पहिले दोन अंक एका बैठकीत आणि उरलेले दोन दुसऱ्या बैठकीत ऐका. मधूनच एक घोगरा गुणगुणता आवाज ऐकू येईल. तो रेकॉर्डचा दोष नव्हे, म्हातारा स्वतः गातोय.

आवाज कोरडा वाटेल. एनबीसीच्या स्टुडिओ 8-एचमध्ये नादाला घुमायला जागाच नव्हती. लोक इथे हमखास एक चूक करतात: प्लेयरमध्ये कृत्रिम प्रतिध्वनी चढवतात किंवा जुन्या एलपीवरची ‘स्टिरिओ’ केलेली आवृत्ती घेतात. मूळ ध्वनिमुद्रण मोनो आहे. त्यातून काढलेल्या खोट्या स्टिरिओत व्हायोलिन एकीकडे पातळ आणि बास दुसरीकडे जाड होतात, आणि या माणसाच्या वाद्यवृंदातली रेखीव मांडणी पुसली जाते. मोनोच घ्या, हेडफोनऐवजी स्पीकरवर ऐका आणि फार टोचलं तर ट्रेबल थोडं कमी करा.

लय मोजण्याआधी रेकॉर्डचा वेग तपासायला हवा. इंटरनेटवर चढवलेल्या बऱ्याच प्रतींचा सूर वर किंवा खाली सरकलेला असतो. ‘ला बोहेम’चा शेवट सी शार्प मायनरमध्ये आहे. मोबाइलवरचं कोणतंही ट्यूनर अ‍ॅप तिथे धरा, सी शार्प दिसायला हवा. सी किंवा डी दिसला तर प्रत अर्ध्या स्वराने चुकली आहे, म्हणजे वेग साधारण 6 टक्क्यांनी कमी-जास्त झाला आहे. ‘तोस्कानिनी फार पळवतो’ असं म्हणण्याआधी एवढं करून पाहावं.

आता ‘ला त्राव्हियाता’, डिसेंबर 1946. यासाठी लिब्रेटो (ऑपेराची संहिता) आणि रिकॉर्दी या प्रकाशकाचा पियानो-गायन स्कोअर (छापील स्वरलिपी) हवा, तो आयएमएसएलपी या ऑनलाइन स्वरलिपी-संग्रहावर मिळतो. पहिल्या फेरीत फक्त लिब्रेटो, दुसऱ्या फेरीत स्कोअर, तिसऱ्या फेरीत दोन्ही बंद. पहिल्या अंकातल्या मद्यगीताला 3/8 ची चाल आहे. प्रत्येक मापाला एक टिचकी मारा, 30 सेकंदांतल्या टिचक्या मोजा, दुप्पट करा आणि आकडा स्कोअरवर छापलेल्या मेट्रोनोमच्या (मिनिटाला किती ठोके ते सांगणाऱ्या) खुणेशी ताडून बघा. पुढे त्याच अंकातल्या ‘सेम्प्रे लिबेरा’ या गाण्यालाही हेच करा, फक्त तिथे चाल 6/8 ची आहे, म्हणून मापाला दोन टिचक्या मारा. मग मधल्या ओळींत पुन्हा मोजा. आकडा हलतो. जसं लिहिलंय तसंच वाजवणारा, ही तोस्कानिनीची ख्याती अर्धीच खरी आहे. लय घट्ट असली तरी ती श्वासागणिक थोडी सैलावते, फक्त गायकाच्या लहरीखातर थांबत नाही.

स्कोअरमध्ये असलेलं काही ऐकू येणार नाही. दुसऱ्या अंकात नायक अल्फ्रेडोच्या आरियाला (एकल गाण्याला) जोडलेला वेगवान भाग, म्हणजे कॅबालेटा, गाळला आहे. त्या काळी ती काटछाट सर्रास होत असे. पान हरवलं म्हणून गोंधळू नका, पुढच्या प्रवेशाला जाऊन थांबा.

सर्वात जास्त वेळ द्यायचा तो ‘ओतेल्लो’ला, डिसेंबर 1947. ला स्कालातल्या 5 फेब्रुवारी 1887 च्या पहिल्या प्रयोगात तोस्कानिनी चेलो वाजवत होता. त्याआधीच्या वर्षी रिओ दि जानेरोत तो कंडक्टर झाला होता, तरी पुन्हा चेलोवादकांत जाऊन बसला, कारण तालमीला ‘ओतेल्लो’चा संगीतकार खुद्द व्हेर्दी असणार होता. पहिल्या अंकाच्या शेवटी वादळ-भांडण शमल्यावर एक चेलो एकटा सुरू होतो आणि मग चार चेलो मिळून प्रेमगीताची वाट करून देतात. तिथे प्रत्येक चेलोची रेघ वेगळी ऐका. चौथ्या अंकात ‘आव्हे मारीया’ संपताना तंतुवाद्यं अगदी वरच्या स्वरांवर विरतात आणि लगेच म्यूट (आवाज दबवणारा चाप) लावलेले डबल बास तळातल्या ई स्वरावरून एकटे चालू लागतात. ओतेल्लो खोलीत शिरलाय. भल्याभल्या वाद्यवृंदांचे बास इथे बेसूर होतात, कारण आधार द्यायला दुसरं कोणी वाजतच नसतं. हळू आहे म्हणून आवाज वाढवू नका, पुढे वाद्यवृंद उसळतो तेव्हा कानठळ्या बसतील.

‘आइदा’ पाहायचा, कारण 1949 चं दूरदर्शन प्रक्षेपण उपलब्ध आहे. समोर स्कोअर नाही, कारण डोळे अधू आणि सगळं पाठ. रिओत 19 व्या वर्षी ऐनवेळी उभं राहून त्याने पाठ चालवला तोही ‘आइदा’च. छडीपेक्षा डाव्या हाताकडे लक्ष ठेवा, आवाज किती हवा ते तिथे दिसतं. या ऑपेराच्या डिस्कवर काही ओळी 1954 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा मुद्रित करून जोडल्या आहेत. खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटली तर ती तीच ठिगळं.

‘फाल्स्ताफ’ दोनदा ऐका: 1937 चा साल्झबर्गच्या रंगमंचावरचा आणि 1950 चा रेडिओवरचा. 1931 साली बोलोन्यात फॅसिस्टांचं गीत वाजवायला नकार दिला म्हणून त्याला मारहाण झाली, त्यानंतर 1946 पर्यंत त्याने इटलीत कंडक्ट केलं नाही. म्हणून इटालियन ऑपेरा असूनही पहिली प्रत ऑस्ट्रियातली. आवाज खरखरीत आहे, पण पात्रं हलताहेत हे कळतं. दुसरीत शेवटच्या फ्यूगमधला (एकच धून एकामागून एक आवाज उचलतात अशा रचनेतला) प्रत्येक प्रवेश स्वच्छ मोजता येतो.

‘उन बाल्लो इन मास्केरा’, जानेवारी 1954, शेवटी ठेवा. हा त्याचा शेवटचा ऑपेरा. 1903 मध्ये ला स्कालात याच ऑपेराला प्रेक्षकांनी वन्स मोअरचा हट्ट धरला, त्याने तो मानला नाही आणि नोकरी सोडली, ती 1906 पर्यंत. प्रयोग मधेच न तुटू देण्याचा तो आग्रह इथे कसा वाजतो ते पाहायचं असेल तर एकेक आरिया तुटकपणे लावू नका. अंक सलग ऐका आणि दोन ट्रॅकमध्ये प्लेयर आपोआप विराम घालत असेल तर ती सोय बंद करा.