परत जायची तारीख आधी लिहा

गावासोबत काम करायला निघालेल्या प्राध्यापकांसाठी ही तयारी लिहितोय. परवानगीपत्र, गाडी, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, प्रथमोपचार पेटी यांवर शब्द खर्च करत नाही. एनएसएसचं एक शिबिर केलेल्यालाही ते पाठ असतं. मीही यातलं काही विसरलो नव्हतो. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातल्या एका गावातल्या क्षारपड, म्हणजे मीठ फुटलेल्या, रानांची माती आम्ही आणली, तपासली, अहवाल लिहिला, मुलांना गुण मिळाले. गावाला मात्र काहीच कळवलं नाही. पुढच्या वर्षी बाजारात एक मावशी भेटल्या. "सर, तुमच्या पोरांनी माझ्या रानातली माती नेलती. काय म्हणाली ती?" मधल्या काळात त्यांनी उधारीवर जिप्सम आणून रानात टाकलं होतं. त्यांच्या मातीचा सामू (पीएच) 8.5 च्या खाली होता. जमीन क्षारयुक्त होती, चोपण (सोडियम जास्त झालेली, पाणी न मुरणारी) नव्हती. जिप्सम लागतं चोपणला. त्यांना हवा होता निचरा. हे सगळं माझ्या कपाटातल्या फायलीत लिहिलेलं होतं.

म्हणून सगळ्यात आधी वहीच्या पहिल्या पानावर निकाल गावाला द्यायची तारीख लिहा. "काम झाल्यावर बघू" असं नाही, तारीख. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यांपैकी एखादी ग्रामसभा धरा आणि तिथून उलटं मोजत या. निकाल 15 ऑगस्टला द्यायचा तर नमुने एप्रिलमध्ये घ्यायला हवेत: ऊस तुटून गेलेला असतो आणि उन्हाने क्षार वर आलेले असतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) विषयपत्रिकेत हा विषय घालायला आधीच सांगून ठेवा. ती तारीख गावालाही सांगा, म्हणजे तुम्ही विसरलात तर ते विचारतील.

मग गावात जा, पण फॉर्म न घेता. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या घराघरांत इतके फॉर्म भरून झालेत की कागद दिसला की माणसं आत जातात. संध्याकाळी दूध घालायच्या वेळी डेअरीपाशी थांबा. तिथे बायकाही भेटतात, ज्यांच्या नावावर सातबारा नसतो पण रानात कुठे मीठ फुटतं ते ज्यांना पावलापावलाने माहीत असतं. त्यांना काय जाणून घ्यायचंय ते विचारा. तुमचा विषय नंतर. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं, तेव्हा बाहेरचे जाणकारही मदतीला होते. पण पाण्याचा प्रश्न गावाने स्वतः मांडलेला होता. तोच क्रम ठेवा.

नमुन्यांबद्दल थोडं. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताच्या ढिगापाशी माती घेऊ नका. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, वीतभर खोल, एका रानात आठ-दहा ठिकाणी. सगळी माती पोत्यावर मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. ओल्या मातीत शाई पसरते. आमच्या तीन पिशव्यांवरची नावं अशीच गेली. आणि चिठ्ठीवर शेतकऱ्याच्या नावाखाली अजून एक ओळ हवी: निकाल कधी देणार. हो, तीच तारीख. प्रत्येक पिशवीत.

मुलांना आधी सांगून ठेवा: रानात पाय ठेवण्यापूर्वी विचारायचं, चहा नाकारायचा नाही, अनुदानाचं आश्वासन कुणालाही द्यायचं नाही. शेवटचं फार महत्त्वाचं. एका मुलाने उत्साहात दिलेला शब्द कॉलेजने दिलेला शब्द ठरतो.

निकालाचा कागद मराठीत, एका पानाचा, मोठ्या अक्षरात. "विद्युत वाहकता 6.2" एवढंच लिहून कुणाला काय समजणार? क्षार जास्त आहेत, पाणी कमी द्या, चर काढा, जिप्सम नको, असं लिहा. शिवाय गावाचा एक नकाशा करा. निचऱ्याचा पाईप एकट्याच्या रानात संपत नाही, शेजाऱ्यांच्या रानांतून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. एकेकट्याला निकाल दिला तर काम अर्धंच होतं. सगळ्यांनी एकत्र बसून नकाशा पाहिला की बोलणी सुरू होतात. ग्रामसभाच का, ते यासाठी.

सामंजस्य करार करायचाच असेल तर त्यात निकाल परत द्यायचं कलम घाला, तारखेसकट. बाकीची कलमं कॉलेजचं कार्यालय बघेल.

खर्चाची बिलं, फोटो, विद्यापीठाचा अहवाल: करा, सवडीने. 15 ऑगस्टला कॉलेजात झेंडावंदन असतं, तरी निदान चार मुलं गावात न्याच. सभेला न आलेल्यांच्या कागदांचा गठ्ठा वेगळा बांधा आणि त्याच दिवशी घरोघर पोचवा. दुसऱ्या दिवशीवर टाकू नका.