डायनासोरची हाडं बघायला निघालाय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच माणसं हल्ली सुट्टीत पोरांकडं अमेरिकेला जातात, आणि तिथल्या युटा राज्यात कोण असेल तर डायनासोर नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे खडकात डायनासोरची हाडं असलेली राखीव जागा, बघायला नेतातच. तिथं फॉसिल डिस्कव्हरी ट्रेल म्हणून पायवाट आहे, एका बाजूनं साधारण १.९ किलोमीटर. आम्ही म्हटलं एवढं काय, राजहंसगड चढतो की आपण, आणि दोघांत अर्ध्या लिटरची एकच बाटली घेऊन जुलैच्या भर दुपारी निघालो. सगळ्यात मोठी चूक हीच.

बेळगावात थोडं चाललं तरी पाठ ओली होते, तेव्हा कळतं पाणी प्यायला पाहिजे. तिथं हवा इतकी कोरडी की घाम येतो तसा वाळतो, अंगाला लागतच नाही, त्यामुळं आपल्याला वाटतं छान चाललंय. निम्म्या वाटेवर आमच्या ह्यांचं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं, आणि वाटेवर ना सावली ना पाणी. मला फार भीती वाटली तेव्हा. म्हणून सांगते, माणशी निदान एक लिटर पाणी घ्या, तहान लागायच्या आधीच घोट घोट प्या, सकाळी लवकर निघा, टोपी विसरू नका. तरी कोणाला त्रास झालाच तर रेटून पुढं जाऊ नका, खडकाचा आडोसा मिळेल तिथं बसवा, मान आणि कपाळ ओल्या रुमालानं पुसा, ओआरएसची पुडी पाण्यात घालून थोडं थोडं द्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मात्र लगेच मदत बोलवा.

उन्हाळ्यात गर्दीच्या दिवसांत व्हिजिटर सेंटरपासून वर हाडांच्या हॉलपर्यंत शटल बस असते. वर बसनं जा आणि चालत उतरा, आम्ही उलटं केलं. बस त्या दिवशी चालू आहे का ते आधी बघून घ्या.

दुसरी तक्रार सगळ्यांची एकच, की वाटेवर काही दिसलंच नाही. दिसतं ओ, पण आपण सांगाडा शोधत असतो. खडकात रंगानं वेगळा तुकडा बघा, त्यात स्पंजसारखी बारीक भोकं दिसली तर हाड असू शकतं. १९०९ साली अर्ल डग्लस या जीवाश्म-शास्त्रज्ञांना इथं पहिल्यांदा दिसले ते शेपटीचे आठ मणकेच होते. एका थरात तर माशांचे खवले आहेत, म्हणजे त्या वाळवंटात कधीकाळी समुद्र होता. पायवाटेला बाजूला फाटे फुटतात, त्यांवर जाऊन थांबा, घाई केली तर नुसते दगड बघून परत याल.

आणि तुकडा खिशात घालायचा नाही, लहानसाही नाही. तो गुन्हा आहेच, पण हाड कुठल्या थरात होतं हेच गेलं तर त्याच्यावरून काही कळत नाही. पायवाट सोडून त्या काळपट खडबडीत मातीवर पण पाय देऊ नका, ती सूक्ष्म जीवांनी धरून ठेवलेली जिवंत माती आहे, एकदा तुडवली की सावरायला कित्येक वर्षं लागतात.

वर हॉलमध्ये एका भिंतीत सुमारे १५०० हाडं जशीच्या तशी आहेत, नदीच्या वाळूत गाडली गेलेली, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीची. आपल्या बेळगावाखालचा काळा दगड लाव्हाचा, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे ही जनावरं मेली तेव्हा आपला दगड तयार व्हायला अजून आठ कोटी वर्षं होती! खालच्या हाडांना हात लावता येतो, तेवढ्यासाठी तरी दमून जाऊ नका. मी मांडीच्या हाडावर तळहात ठेवून उभी राहिले, लेक चला चला म्हणत होती तरी हलले नाही.